पाखरांच्या मागे गेलेली आपली माणसे

डोंगर चढणे, रानात तंबू ठोकून राहणे, पहाटे उठून दुर्बिणीतून पाखरे पाहणे हे शौक आपल्या मुस्लिम समाजात 'त्या लोकांचे' समजले जातात. 'ते लोक' म्हणजे नेमके कोण, हे विचारले तर कुणी इंग्रजांकडे बोट दाखवतो, कुणी पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगवाल्यांकडे. मुंबईत 'गिरिविहार'सारखी गिर्यारोहण संस्था १९५४ साली निघाली, तिच्यानंतर गावोगावी किल्ले हिंडणाऱ्या मंडळांची रीघ लागली आणि शनिवारी रात्री पाठीवर पिशव्या घेऊन लोकलमध्ये चढणारी पोरे हे दृश्य नेहमीचे झाले. त्या गर्दीत आपली नावे फार कमी. म्हणून हा शौक आपला नाही असे आपण ठरवून टाकले आणि इतरांनीही ते मान्य केले.

चढण आपल्याला ठाऊक नाही असे मात्र नाही. माघ पौर्णिमेला हाजी मलंगच्या उरुसासाठी कल्याणजवळचा तो डोंगर म्हाताऱ्या बायाही चढतात. पण ती जियारत. वाटेत कोणते झाड लागले, कोणते पाखरू ओरडले, हे कुणी लिहून ठेवत नाही. प्रश्न चालण्याचा नसून थांबून पाहण्याचा आणि पाहिलेले नोंदवून ठेवण्याचा आहे. गंमत अशी की मुंबईत विसाव्या शतकात थांबून पाहण्याची ही रीत ज्यांनी घडवली, त्यांत आपलीच नावे पुढे आहेत.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत काही मंडळी एकत्र आली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. जागा होती भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. संस्थापकांत बहुतेक युरोपियन आणि दोन हिंदी होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार. मुसलमान एकही नव्हता. सुरुवातीचे स्वरूप आपल्याला आलेले अनुभव, मारलेली जनावरे, सापडलेले किडे एकमेकांना दाखवण्याचे होते. १८८६ पासून संस्थेचे जर्नल निघू लागले. ते आजही निघते.

या संस्थेच्या दारात सुमारे १९०८ साली एक मुलगा मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. त्याचे नाव सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. वडील तो वर्षाचा असताना गेले, आई तीन वर्षांचा असताना. भावंडांत तो सर्वांत धाकटा. खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भाचरांना वाढवले. मामा शिकारी होते आणि पोराच्या हाती छऱ्यांची बंदूक होती. त्या काळी सुखवस्तू मुस्लिम घरांत शिकार हा सभ्य माणसाचा शौक होता, आणि चिमण्या टिपणे ही त्याची पहिली इयत्ता. एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनाही ती ओळखता आली नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे, कारण ही गोष्ट शालेय पुस्तकांतून येते. मिलार्डने चिमणी ओळखली, कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली. पण ही गोष्ट सांगताना मामांच्या चिठ्ठीकडे आपण दुर्लक्ष करतो. पोराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, तेव्हा 'गप बस, आधी सबक पाठ कर' असे न म्हणता उत्तर जिथे मिळेल तिथे त्याला धाडणारा वडीलधारा त्या घरात होता. मी शिक्षिका आहे म्हणून असेल, पण मला मिलार्डपेक्षा अमिरुद्दीन मामा मोठे वाटतात.

हे घराणे कोणते तेही पाहिले पाहिजे. तय्यबजी हे सुलेमानी बोहरा. याच घराण्यातले बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि त्याआधी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते अग्रभागी होते. मुंबईत मुसलमान मुलांच्या तालिमीची मोठी चळवळ उभी राहिली ती अंजुमनच्या आधाराने. म्हणजे आपल्या मुलांच्या शाळांशी ज्या घराण्याचे नाव जोडलेले आहे, त्याच घराण्यात हिंदुस्थानातला सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ वाढला. पण सालिम अली शिकले सेंट झेवियर्समध्ये, लिहिले इंग्रजीत. शाळेची वाट एका बाजूला गेली, रानाची दुसऱ्या. दोन्ही वाटा एकाच अंगणातून निघाल्या होत्या, तरी पुढे त्यांची गाठ पडली नाही.

सालिम अलींचे आयुष्य सुरळीत गेले असे समजू नये. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा बुडाला. १९१८ मध्ये तहमिना बेगमशी निकाह झाला. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. १९२७-२८ मध्ये त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये 'निसर्ग-अभ्यासक आणि शिकारी म्हणून मोगल बादशहा' अशा विषयावर लेखमाला लिहिली, ती आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या पशुपक्ष्यांचे वर्णन केले आहे. जहांगीरने लैला-मजनू नावाची सारस पक्ष्यांची जोडी पाळून त्यांचे जुळणे, अंडी उबवणे बारकाईने लिहून ठेवले. त्याच्या दरबारचा उस्ताद मन्सूर पाखरांची चित्रे काढत असे. हा वारसा इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीचा. त्याचा आढावा घेणारा तिशीतला तरुण स्वतः त्याच वाटेवर उभा होता.

मग ते जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले आणि १९३० मध्ये परतले तेव्हा म्युझियममधली जागा पैशाअभावी बंद झाली होती. शिकून आलेला, लग्न झालेला, वय वर्षे तेहेतीस आणि हाताला काम नाही. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून दोघे किहीमला गेले.

किहीम अलिबागच्या उत्तरेला, समुद्रकाठी. नारळी, शिंदी, विहिरी, भाताची खाचरे. आम्हा रायगडकरांना हा मुलूख नव्याने सांगायला नको. तिथे तहमिना बेगमच्या घरच्यांचे छोटे घर होते. घराजवळ सुगरण पक्ष्यांनी घरटी बांधायला घेतली होती. बेकार माणसाला वेळच वेळ. सालिम अलींनी रोज तासन्‌तास बसून ती वसाहत पाहिली आणि वहीत लिहिली. १९३१ साली जर्नलमध्ये त्यांचा सुगरणीच्या घरट्यांवरचा लेख आला. पुढे त्यांनी दहा-दहा खंडांचे ग्रंथ लिहिले तरी पाहणी कशी करावी याचा धडा म्हणून या लेखाचे नाव आजही घेतले जाते.

त्यांना काय दिसले? मराठीत या पाखराला आपण सुगरण म्हणतो, म्हणजे नाव बाईचे. बहिणाबाईंच्या कवितेनेही तो खोपा आईचाच करून टाकला आहे. उर्दूत त्याला बया म्हणतात. प्रत्यक्षात घरटे नर विणतो. गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडून तो लांब पट्टी ओढून काढतो, ती फांदीला गुंडाळतो, मग कडे करतो, मग त्याच्यावर टोपीसारखा घुमट चढवतो. इथपर्यंत आले की माद्यांची टोळी पाहणीला येते. मादी आत शिरते, ओढून बघते, पसंत पडले तर राहते. मग नर उरलेले घरटे पुरे करतो, खालची लांब नळी विणतो. मादी अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरे घरटे घ्यायला मोकळा. त्यालाही कुणी पसंत केले तर दुसरा संसार, मग तिसरा. ज्याचे घरटे कुणालाच आवडत नाही त्याचे अर्धवट कडे तसेच लोंबत राहते. आपल्याकडे विहिरीवर अशी अर्धी घरटी खूप दिसतात आणि लोक त्यांना झोपाळा म्हणतात, नर पावसात बसतो म्हणतात. ती नापसंत झालेली घरे आहेत.

या कामाला प्रयोगशाळा लागली नाही, सरकारी ग्रांट लागली नाही. कोकणातल्या कुठल्याही खेड्यात हे पाहता आले असते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत होती, आपलीही होती, आणि दरवर्षी पावसाळ्यात ती घरटी सर्वांच्या डोक्यावर होती.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांकडे अर्ज केले की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. पहिले मोठे काम हैदराबादच्या निजामाच्या राज्यातले, १९३१-३२ चे. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. बैलगाड्या, तंबू, कंदील, पेंढा भरण्याचे सामान असा तो लवाजमा असे, आणि मुक्कामाची सारी व्यवस्था तहमिना बेगम पाहत. त्यांचे इंग्रजी उत्तम होते, नवऱ्याच्या लिखाणालाही त्यांचा हात लागे. शहरात, सुखात वाढलेली एक मुसलमान बाई वर्षातले कित्येक महिने रानात तंबूत काढते, हे १९३० च्या दशकातले चित्र आहे. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे पुस्तक १९४१ मध्ये आले आणि घरोघरी गेले. ते पाहायला त्या नव्हत्या.

याच कुटुंबजाळ्यातले दुसरे नाव हुमायूं अब्दुलअली. जन्म १९१४, मृत्यू २००१. व्यवसायाने व्यापारी, मनाने रानातले. १९३६ ते १९३९ या काळात सालिम अली आणि अब्दुलअली यांनी 'मुंबई आणि साष्टीचे पक्षी' ही लेखमाला जर्नलमध्ये चालवली. आज जिथे इमारती उभ्या आहेत, तिथली दलदल, खाडीकाठ आणि झाडी यांतली पाखरे त्यांनी पायी हिंडून नोंदवली. पुढे दोघांत मतभेद खूप झाले. पण अब्दुलअलींचे स्वतंत्र काम मोठे आहे. ते सोसायटीचे मानद सचिव होते आणि मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशू व पक्षी संरक्षण कायदा तयार करण्यात त्यांचा हात होता. देशभराचा वन्यजीव कायदा त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९७२ साली आला. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा धंदा जोरात होता तेव्हा अब्दुलअलींनी हिशेब मांडून दाखवला की बेडूक गेले की शेतातले किडे वाढतात आणि औषधांवरचा खर्चही. ही निर्यात १९८७ साली बंद झाली. पावसाळ्यात आपल्या खाचरांत जे डराव डराव चालते, त्यात या गृहस्थांचा वाटा आहे.

तिसरे नाव जफर फतेहअली (१९२०–२०१३). त्यांची पत्नी लईक या सालिम अलींची भाची. जफर फतेहअलींनी हा शौक बंगल्यातून बाहेर काढला. १९५९ च्या अखेरीस त्यांनी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' हे छोटे मासिक सुरू केले. त्यात शास्त्रज्ञ लिहीत, तसेच कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकर आणि विद्यार्थीही लिहीत. माझ्या खिडकीबाहेर बुलबुलने घरटे केले, इतक्या तारखेला पिल्ले उडाली, अशा साध्या नोंदी. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतातली शाखा १९६९ मध्ये निघाली, तिच्या संस्थापक विश्वस्तांत ते होते. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लईक फतेहअलींनी सालिम अलींबरोबर 'कॉमन बर्ड्स' हे पुस्तक लिहिले, ते नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ साली काढले. सोप्या शब्दांत, मुलांना कळेल असे.

ही सारी बंगलेवाली, इंग्रजी बोलणारी माणसे होती, असा आक्षेप कुणी घेईल. आक्षेप खरा आहे. पण त्या तंबूंत आणखी एक माणूस होता, तो बंगल्यातला नव्हता. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे माकडे आणि माणसे एका नव्या तापाने मरू लागली. हा विषाणू रशियाकडून येणाऱ्या पाहुण्या पाखरांबरोबर तर येत नाही ना, अशी शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने हजारो पाखरे पकडून, पायात कडी घालून सोडण्याचे काम हाती घेतले. जिवंत पाखरू पंखालाही धक्का न लागता पकडणे डिग्रीवाल्यांना जमणारे नव्हते. त्यासाठी बिहारमधून मीरशिकार आणले गेले. मीरशिकार ही पाखरे धरणाऱ्या मुसलमानांची जमात, पिढीजात धंदा, शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचे नाव पक्षी-अभ्यासक आजही आदराने घेतात. आवाजाची नक्कल, जाळे, लासा, कोणत्या पाखराला कसे फसवायचे याचे इल्म त्यांच्या बोटांत होते. निबंधावर नाव शास्त्रज्ञाचे, पण पाखरू हातात आणून दिले मीरशिकाराने. आपल्या समाजात ज्ञान म्हणजे किताब असे आपण धरून चालतो. या लोकांना आपण आलिम म्हणणार नाही, पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि 'आपली' माणसे म्हणताना थोडे थांबायलाही हवे. सालिम अली स्वतः मजहबी रीतिरिवाजांपासून दूर गेलेले होते, आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेले नाही. सुलेमानी बोहरा कुटुंबे आणि कोकणातले आम्ही सुन्नी यांत शादीब्याहचा संबंध नाही. ही माणसे कौमचे नाव घेऊन रानात गेली नाहीत, पाखरांच्या ओढीने गेली. त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावून 'आमचे' म्हणण्यात मला रस नाही. मला एवढेच हवे आहे की 'हा आपला शौक नव्हे' असे कुणी म्हटले तर ते खरे नाही, हे माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत असावे.

हे माहीत होण्यात अडचण कुठे आली? माझ्या मते भाषेत. जर्नल इंग्रजी, न्यूजलेटर इंग्रजी. मराठीत हे काम मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) केले. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून पाखरांची नावे गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला. उर्दू शाळेतल्या मुलाची गत अशी की त्याला पाखरांची नावे भरपूर येतात, पण ती पाखरे नव्हेत, शब्द आहेत. बुलबुल गजलेत आहे. हुदहुद हजरत सुलेमानांचा कासिद आहे, सूरह नम्लमधला. अबाबील अबरहाच्या हत्तींवर खडे टाकणारे. (कुरआनात हा शब्द थव्याथव्याने येणाऱ्या पाखरांसाठी आहे, उर्दूने त्याचे एका विशिष्ट पाखराचे, आपल्या पाकोळीचे नाव केले.) मी सातवीच्या वर्गात हुदहुदची कहाणी विचारली तर साऱ्यांनी हात वर केले. मैदानात लांब चोचीने माती उकरत, डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडत-मिटत तोच हुदहुद फिरत होता. तो दाखवला तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, ये सचमुच का होता है?"

कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा असे पुन्हापुन्हा सांगितले आहे. हे पालकसभेत सांगितले की माना हलतात. पण सहलीचे पत्र घरी गेले की प्रश्न येतात. मुलांना सोडतील, मुलींना नाही. दिवसाचे असेल तर ठीक, रात्रीचे नाही. एका मुलीची आजी मला म्हणाली, "पाकरां बगून काय भेटनार, टीचर?" मी त्यांना किहीमची गोष्ट सांगितली, तहमिना बेगमची सांगितली. त्यांना पाखरांत रस वाटला नाही, पण तहमिना बेगम तंबूत जेवण कसे रांधत असतील हे त्यांनी दोनदा विचारले. आणि नात आली.

गेल्या जुलैत आम्ही गावाबाहेरच्या विहिरीवर गेलो. तिथे शिंदीच्या झाडावर सुगरणींची वसाहत आहे. अठरा मुली, अकरा मुलगे, वहीत तीन रकाने: उर्दू नाव, मराठी नाव, काय करत होते. बया, सुगरण, विणत होता. फाख्ता, होला, तारेवर बसला होता. अर्धी घरटी किती आणि नळीची किती, हे मोजायला लावले. मुली मोजण्यात पुढे होत्या. नापसंत घरट्यांवरून त्यांच्यात जे हसणे चालले होते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता त्यांना भृंगराज पाहायचा आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसे असलेला. तो आमच्या विहिरीवर येत नाही. त्यासाठी पनवेलजवळचे कर्नाळा गाठले पाहिजे. १९६८ सालापासून ते पक्षी अभयारण्य आहे. पाखरे बोलतात ती उजाडताना, म्हणून तिथे पहाटे पोचायला हवे, आणि आमच्या गावाहून पहाटे पोचायचे तर आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो. परवानगीचे कागद अठराही मुलींनी घरी नेले आहेत. आतापर्यंत सात परत आले, पाचांवर सही आहे.